रबर, रस्ता आणि सायकल

गेल्या फेब्रुवारीत मी सयामच्या आखातावरील सोंगख्ला गावापासून सिंगापूरपर्यंत सायकलने गेलो असे सांगितले, की ऐकणारा आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहतो, मग गुडघ्यांकडे पाहतो, आणि शेवटी फार सौम्य आवाजात विचारतो, "का हो, विमाने बंद होती का?"

विमाने चालू होती. खरे सांगायचे तर या प्रवासात पराक्रम असा काहीच नव्हता. एका सहल-मंडळीने आखलेली ती बारा दिवसांची यात्रा होती. पुढे सायकलवर वाटाड्या, मागे सामान, पाणी, केळी आणि दमलेले प्रवासी वाहणारी मोटार, आणि मध्ये आम्ही नऊ जण. रोजची मजल साठ-सत्तर किलोमीटरांची. जिथे रस्ता रुक्ष किंवा रहदारी फार, तिथे सायकली मोटारीच्या टपावर चढत आणि आम्ही आत बसून डुलक्या घेत असू. थायलंड, मलेशिया आणि सिंगापूर असे तीन देश, आणि तिन्हीकडे वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने जाणारी, त्यामुळे आमच्यासारख्या पुणेकरांची मोठी सोय. ज्या गावाला एके काळी सायकलींचे शहर म्हणत, त्या गावात मी वाढलो. एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने दळणाचा डबा सांभाळण्याचे शिक्षण मला वेळेवर मिळाले होते. तेवढ्या भांडवलावर मी निघालो.

पण पहिल्याच संध्याकाळी वाटाड्याने नकाशा उलगडला आणि आमच्या वाटेवर बोट फिरवले, तेव्हा ही वाट आपण कुठेतरी पाहिली आहे असे मला वाटले. सोंगख्ला, सादाव, जित्रा, आलोर स्तार, ताइपिंग, इपोह, कांपार, स्लिम नदी, क्वालालुंपूर, मुआर, जोहोर आणि सिंगापूर. दुसऱ्या महायुद्धाच्या कोणत्याही इतिहासात ही नावे याच क्रमाने येतात. सोंगख्ला म्हणजे जुन्या नकाशांतले सिंगोरा. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानची फौज तिथे उतरली आणि याच रस्त्याने दक्षिणेकडे निघाली. गंमत अशी, की त्या फौजेतील हजारो शिपाई आमच्यासारखेच सायकलींवर होते.

त्या बारा दिवसांत माझ्या मनात एकच विचार पक्का होत गेला. या द्वीपकल्पाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास सांगायला राजेरजवाड्यांची वंशावळ लागत नाही, तीन साध्या वस्तू पुरतात. रबर, रस्ता आणि सायकल. तिघांची गाठ अशी काही पडली आहे, की एक ओढले की उरलेली दोन आपोआप हाती येतात. आणि ती गाठ ज्यांच्या हातांनी बांधली, ती माणसे पुष्कळशी आपल्याकडची होती.

आधी रबर. सोंगख्ल्याहून सरहद्दीकडे निघाले की दोन्ही बाजूंना रबराचे मळे लागतात. उंच, सडपातळ, ओळीने उभी असलेली झाडे, आणि प्रत्येक खोडावर तिरक्या खाचेखाली बांधलेली एक वाटी. चीक काढण्याचे काम पहाटे, ऊन वर येण्यापूर्वी चालते, कारण गारव्यात चीक अधिक वाहतो. आम्ही सात वाजता निघत असू, तेव्हा मजुरांचा अर्धा दिवस संपलेला असे. घराघरांपुढे बांबूवर रबराच्या चादरी वाळत घातलेल्या दिसत, अगदी धुतलेल्या पंचांसारख्या. वास मात्र पंचांचा नव्हे. आंबलेल्या दुधाची आठवण करून देणारा तो वास दुसऱ्या दिवशीही नाकातून जात नाही. आज जगात सर्वांत जास्त नैसर्गिक रबर पिकवणारा देश म्हणजे थायलंड.

पण हे झाड मुळात इथले नव्हे. ते ब्राझीलमधील ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. १८७६ साली हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने तेथून सुमारे ७०,००० बिया लंडनजवळच्या क्यू उद्यानात आणल्या. त्यांपैकी थोड्याच रुजल्या. पुढच्या वर्षी, १८७७ मध्ये, २२ रोपे सिंगापूरला पोहोचली आणि त्यांतली काही पेराक संस्थानात क्वाला कांग्सार येथे लावली गेली. त्या पहिल्या पिढीतले एक झाड क्वाला कांग्सारला अजून उभे आहे. आम्ही त्याच्यापाशी थांबलो. कुंपण आहे, पाटी आहे, आणि झाड आपल्या थोरवीची काहीच जाणीव नसल्यासारखे पाने गाळीत उभे आहे. आमच्यातल्या एका काकूंनी त्याला नमस्कार केला. कशासाठी, असे कोणी विचारले नाही. आपल्याकडे म्हाताऱ्या झाडाला नमस्कार करायला कारण लागत नाही.

रोपे आली तरी मळेवाले ती लावायला तयार नव्हते. त्यांचे लक्ष कॉफीवर. १८८८ साली सिंगापूरच्या वनस्पती-उद्यानावर हेन्री रिडली हा गृहस्थ नेमला गेला. खोडावर घाव घालून झाड मारण्याऐवजी सालीला बारीक खाच पाडावी आणि तीच खाच पुनःपुन्हा ताजी करीत वर्षानुवर्षे चीक घ्यावा, ही रीत त्याने बसवली. खिशात बिया घेऊन तो मळेवाल्यांच्या मागे लागे. लोक त्याला 'वेडा रिडली' म्हणत. अखेर १८९६ च्या सुमारास मलाक्क्याच्या तान चाय यान या चिनी जमीनदाराने पहिला व्यापारी मळा लावला. त्याच वेळी कॉफीचे भाव कोसळले आणि वेडा शहाणा ठरला. हा रिडली शंभर वर्षे जगला. १९५६ साली तो वारला तेव्हा त्याने लावलेल्या झाडांमुळे साम्राज्य श्रीमंत होऊन मावळूही लागले होते.

आता गाठ कशी पडली ते पाहा. ज्या १८८८ साली रिडली सिंगापुरात आला, त्याच साली बेलफास्ट शहरातल्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेले रबरी टायर बसवून त्याचे हक्क नोंदवले. सायकलचे हाडे खिळखिळी करणारे रूप गेले आणि ती घरोघर शिरली. मागोमाग मोटार आली. जगाला एकाएकी रबराची भूक लागली आणि मलायाच्या जंगलांवर कुऱ्हाड पडली. पहिल्या महायुद्धानंतर जगातले जवळजवळ निम्मे रबर एकट्या मलायातून येत होते.

कुऱ्हाड चालवायला माणसे हवीत. ती आली तमिळ मुलखातून. आधी करारावर, आणि तो प्रकार १९१० साली बंद झाल्यावर 'कंगाणी' पद्धतीने. कंगाणी म्हणजे मुकादम. मळ्याचा मालक त्याला पैसे देऊन त्याच्या गावी पाठवी आणि तो आपल्या भाऊबंदांना, गाववाल्यांना घेऊन येई. प्रवासाचा खर्च, उचल, सावकारी या सगळ्यांचा दोर त्याच्याच हातात. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या मुकादमाची ज्यांना माहिती आहे त्यांना अधिक सांगायला नको. मळ्यात मजुरांच्या राहण्याच्या लांबच लांब चाळी असत. पहाटे हजेरी, मग चीक, मग तण काढणे. शेजारी ताडीचे दुकान, एक छोटे मारियम्मनचे देऊळ, आणि देश म्हणून एवढेच. हिंदुस्थान सरकारने १९३८ साली अशा मजूरभरतीवर बंदी घातली, तोवर लाखो माणसे इकडे येऊन गेली होती आणि त्यांतली पुष्कळशी परत गेली नव्हती.

आमचा वाटाड्या त्यांच्यापैकीच एका कुटुंबातला. पन्नाशीचा, काळासावळा, पोटऱ्या लाकडासारख्या, आणि आम्हा सर्वांना 'अंकल', 'आंटी' म्हणणारा. तमिळ, मलय, इंग्रजी आणि बाजारापुरती चिनी भाषा त्याला येत होती. मलय भाषेत सायकलला 'बासिकल' म्हणतात हे त्यानेच सांगितले. "अंकल, या सबंध रस्त्याच्या खाली आमची माणसं आहेत," तो एकदा चढ चढताना सहज म्हणाला. मी धापा टाकीत असल्यामुळे उत्तर देऊ शकलो नाही. पण वाक्य लक्षात राहिले.

कारण रबरामागून रस्ता आला. रबर आणि कथील ही दोन जड मालाची पिके, एक झाडावरचे आणि एक जमिनीखालचे. ती बंदरापर्यंत न्यायची म्हणजे रेल्वे हवी, पूल हवेत, डांबरी सडका हव्यात. १८८५ साली ताइपिंगपासून समुद्रापर्यंत पहिली छोटी रेल्वे झाली. मग पश्चिम किनाऱ्याला समांतर एक मुख्य सडक उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत गेली. १९०९ च्या तहाने सयामने केडा, पर्लिस, केलांतान आणि त्रेंगानू ही संस्थाने इंग्रजांकडे सोडली आणि सरहद्द आजच्या जागी आली. १९२४ पर्यंत जोहोरच्या सामुद्रधुनीवरील बांध पुरा झाला आणि सिंगापूरचे बेट जमिनीला जोडले गेले. सडकेला फुटणारे आडरस्ते प्रत्येक मळ्यात शिरत. पूर्वेकडच्या वसाहतींत इतक्या चांगल्या सडका क्वचितच होत्या. त्या बांधताना जे खपले त्यांतले मोठे हात पुन्हा तमिळच होते.

आम्ही सरहद्द ओलांडली तेव्हा घड्याळे एक तास पुढे करावी लागली. एका काकांनी तक्रार केली, की आमचा एक तास कुठे गेला. वाटाड्या म्हणाला, "अंकल, जपान्यांनी तर आमच्याकडे सगळ्यांना टोकियोची वेळ लावायला सांगितली होती." आणि हे खरे आहे. त्या साडेतीन वर्षांत मलायातला सूर्य घड्याळाला विचारून उगवत नव्हता एवढेच.

सरहद्दीनंतर तीसएक किलोमीटरवर जित्रा. आज ते साधे बाजाराचे गाव आहे, भोवती भाताची सपाट शेते. १९४१ च्या डिसेंबरात या ठिकाणी अकरावी हिंदी डिव्हिजन उभी होती. शीख, पंजाबी, गुरखे, जाट आणि त्यांच्या जोडीला काही गोऱ्या पलटणी. पाऊस कोसळत होता आणि खंदक पाण्याने भरले होते. इंग्रजांकडे सबंध मलायात एकही रणगाडा नव्हता, आणि आपल्या पुष्कळ शिपायांनी रणगाडा आयुष्यात पाहिलेला नव्हता. ११ डिसेंबरला तो त्यांनी पहिल्यांदा पाहिला, आणि तो शत्रूचा होता. दोन दिवसांत जित्रा पडले.

आणि येथे सायकल रंगमंचावर येते. जपानी सेनापती यामाशिताच्या फौजेत प्रत्येक डिव्हिजनला सुमारे ६,००० सायकली होत्या, असे त्या मोहिमेचा आराखडा करणाऱ्या कर्नल त्सुजीने लिहून ठेवले आहे. मोटारीला पूल लागतो, पेट्रोल लागते. सायकलीला यांतले काही लागत नाही. इंग्रज माघार घेताना पुलामागून पूल सुरुंगाने उडवीत होते. मोटारी ओढ्याकाठी अडकत, आणि सायकलस्वार सायकल खांद्यावर घेऊन पाण्यातून पार होत. पाठीवर बंदूक, कॅरिअरवर तांदूळ आणि काडतुसे. शिवाय युद्धापूर्वी जपानने या देशात स्वस्त सायकली भरपूर विकल्या होत्या, त्यामुळे सुटे भाग गावोगावच्या दुकानांत मिळत, आणि जिथे मिळत नसत तिथे लोकांच्या सायकली सरळ काढून घेतल्या जात. तापलेल्या सडकेवर टायर फुटले तर शिपाई टायर फेकून उघड्या लोखंडी रिमवर सायकल दामटीत. रात्री शेकडो रिम डांबरावर खडखडत आले की पलीकडच्या काळोखात बसलेल्यांना रणगाडे आल्याचा भास होई, असेही त्सुजीने लिहिले आहे.

आमच्यातल्या एकाचे टायर गुरुनजवळ फुटले. मागच्या मोटारीतून दोन मिनिटांत नवे चाक आले. तोवर आम्ही सडकेकडेच्या टपरीवर चहा घेतला. समोर गुनुंग जेराई हा डोंगर धुक्यात उभा होता. त्याच्या पायथ्याशी, बुजांगच्या खोऱ्यात, हजार-बाराशे वर्षांपूर्वीची हिंदू-बौद्ध देवळे मिळाली आहेत. हा केडा म्हणजेच चोळांच्या लेखांतला कडारम. १०२५ साली राजेंद्र चोळाचे आरमार इकडे आले होते. त्या काळी आपली माणसे या किनाऱ्यावर जहाजांतून, व्यापारी आणि विजेते म्हणून उतरली. नऊशे वर्षांनी त्याच तमिळ किनाऱ्यावरून आली ती मजूर म्हणून. चहा संपेपर्यंत एवढाच विचार पुरला.

यामाशिताची फौज पुढे सरकत होती ती पुन्हा पुन्हा एकच युक्ती वापरून. समोरून सडकेवर दबाव ठेवायचा आणि सायकलींवरून मळ्यांतल्या आडवाटांनी बगल देऊन शत्रूच्या पाठीशी जायचे. जंगल अभेद्य आहे असे इंग्रज समजत होते. ते अभेद्य असेलही, पण रबराचे मळे जंगल नव्हते. ओळीने लावलेली झाडे, मधून आखलेल्या वाटा, खाली साफ केलेले तण. मजुरांनी चीक वाहण्यासाठी पाडलेली प्रत्येक पायवाट सायकलीला राजमार्ग होती. जी व्यवस्था साम्राज्याने संपत्ती बाहेर नेण्यासाठी उभारली, तीच व्यवस्था शत्रूला आत घेऊन आली. इतिहासात असा सूड क्वचित इतका नेटका उगवतो.

पण त्या सुडाच्या मधोमध आपली पोरे सापडली होती. कांपारला ३० डिसेंबरपासून २ जानेवारीपर्यंत त्यांनी जपान्यांना थोपवून धरले. तेथील टेकडीवर शीख शिपायांनी संगिनी लावून केलेला हल्ला त्या मोहिमेतला अतिशय धीराचा प्रसंग मानतात. पाचच दिवसांनी, ७ जानेवारी १९४२ च्या पहाटे, स्लिम नदीपाशी रणगाडे सडकेवरून सरळ आत घुसले आणि काही तासांत अकराव्या डिव्हिजनची वाताहत झाली. ११ तारखेला क्वालालुंपूर गेले. मुआरला पंचेचाळिसावी हिंदी ब्रिगेड होती. तिची तयारी वाळवंटातल्या लढाईसाठी चालली होती आणि तिच्यात कोवळ्या रंगरुटांचा भरणा होता. ती तेथे जवळजवळ नाहीशी झाली. त्यानंतर पारित सुलोंगच्या पुलापाशी मागे राहिलेल्या सुमारे दीडशे जखमी कैद्यांना, ऑस्ट्रेलियन आणि हिंदी, जपान्यांनी ठार केले. मुआर नदीच्या काठी आम्ही रात्री उत्तम मासळी खाल्ली. जेवण संपल्यावर वाटाड्याने ही हकीकत सांगितली. जेवणाआधी सांगितली नाही याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

सायकलींना एकदा मात्र सडकेनेच दगा दिला. मलाक्क्याच्या मुक्कामातून मोटारीने आम्ही गेमासजवळचा गेमेंचे येथील पूल पाहायला गेलो. १४ जानेवारी १९४२ च्या दुपारी तिथे ऑस्ट्रेलियन पलटण झाडीत दडून होती. जपानी सायकलस्वार रांगेने, निर्धास्तपणे, गप्पा मारीत पुलावर आले. काही शेकडा तसेच पुढे जाऊ दिले. मग पूल उडवला आणि दोन्ही बाजूंनी गोळीबार सुरू झाला. बहुतेकांच्या बंदुका सायकलीला बांधलेल्या होत्या. त्या सोडवायलाही वेळ मिळाला नाही. आता तिथे एक स्मृतिशिला आहे, ओढा आहे आणि पुष्कळ शांतता आहे. सायकलवर रांगेने गप्पा मारीत जाण्यात काय सुख असते हे आम्हाला त्या आठवड्यात चांगलेच कळले होते. म्हणून की काय, शत्रू-मित्र हा भेद त्या जागी माझ्या मनात टिकला नाही. कोणा खेड्यातली ती विशी-बाविशीची पोरे होती. त्यांच्या फौजेने केलेले अत्याचार मला ठाऊक होते, आणि तरीही.

एकंदर ११०० किलोमीटर ती फौज ५५ दिवसांत आली. ३१ जानेवारीला इंग्रजांनी जोहोरचा बांध उडवून सिंगापुरात आसरा घेतला. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी, चिनी नववर्षाच्या दिवशी, बुकित तिमाह येथील फोर्ड मोटारीच्या कारखान्यात जनरल पर्सिव्हलने शरणागतीवर सही केली. मोटारींच्या कारखान्यात, सायकलींवरून आलेल्यांपुढे! सव्वा लाखाहून अधिक सैनिक कैद झाले. चढाई करणारे संख्येने त्याहून बरेच कमी होते.

दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर सुमारे चाळीस हजार हिंदी शिपायांना गोऱ्यांपासून वेगळे करून जपान्यांच्या हवाली केले गेले. जित्राच्या पराभवानंतर जपान्यांना जाऊन मिळालेले कॅप्टन मोहनसिंग त्यांच्यापुढे बोलले आणि आझाद हिंद फौजेची हाक दिली. काही गेले, काही गेले नाहीत. गेले ते देशासाठी गेले. गेले नाहीत त्यांनी घेतलेल्या शपथेसाठी हाल सोसले, आणि पुष्कळांना न्यू गिनीसारख्या दूरच्या बेटांवर हमाली करायला नेले गेले. घरात बसून त्यांच्यातला कोण बरोबर हे ठरवणे सोपे आहे. त्या मैदानावर उभे राहून ते तितके सोपे वाटत नाही. पुढे डिसेंबर १९४२ मध्ये जपान्यांनी मोहनसिंगांनाच अटक केली.

जुलै १९४३ मध्ये सुभाषबाबू सिंगापुरात आले आणि फौजेत पुन्हा प्राण आला. २१ ऑक्टोबरला आझाद हिंद सरकारची घोषणा झाली, आणि दुसऱ्या दिवशी कॅप्टन लक्ष्मी स्वामीनाथन यांच्या हाताखाली स्त्रियांच्या पलटणीची छावणी सुरू झाली. तिचे नाव झाशीची राणी पलटण. मराठी माणसाने येथे क्षणभर थांबावे असे हे स्थळ आहे. त्या पलटणीत भरती झालेल्या पुष्कळ मुली रबराच्या मळ्यांत जन्मलेल्या, तमिळ बोलणाऱ्या होत्या. हिंदुस्थान त्यांनी पाहिलेला नव्हता, मग झाशी कुठली? पण मोरोपंत तांब्यांच्या मनूचे नाव टोपीसारखे डोक्यावर घेऊन त्या रोज कवायत करीत होत्या. ज्यांना मळ्यात कोणी नावाने हाक मारीत नसे, त्यांना एक नाव मिळाले होते, आणि ते आपल्या घरातले होते.

सगळ्यांच्या वाट्याला मात्र असे नाव आले नाही. जपानी अमलात रबराची निर्यात थांबली आणि मळे ओस पडले. त्याच वेळी जपान्यांना सयामपासून ब्रह्मदेशापर्यंत ४१५ किलोमीटरची रेल्वे घाईने बांधायची होती. मळ्यांतले हजारो तमिळ मजूर काही आमिषाने, काही जबरदस्तीने तिकडे नेले गेले. ऑक्टोबर १९४३ मध्ये रेल्वे पुरी झाली. त्या कामावर १२,००० हून अधिक युद्धकैदी मेले. आशियाई मजुरांचा आकडा अंदाजाने ९०,००० च्या आसपास सांगतात. कैद्यांच्या याद्या होत्या, म्हणून त्यांच्या कबरींवर नावे आहेत. मजुरांची पुरी यादी कोणी ठेवलीच नाही.

जोहोरचा बांध ओलांडला की थोड्याच अंतरावर क्रांजीचे युद्धस्मारक लागते. बांध जेमतेम एक किलोमीटरचा, पण मोटारसायकलींचा असा लोंढा, की आमची नऊ जणांची रांग त्यात मुंग्यांसारखी पुढे सरकली. क्रांजीला टेकडीवर पांढऱ्या शिळांच्या ओळी आहेत, आणि वर भिंतींवर २४,००० हून अधिक अशा सैनिकांची नावे कोरलेली आहेत, ज्यांच्या कबरी नाहीत. हिंदी शिपायांची नावे भिंतीमागून भिंतीवर चालली आहेत. वाटेत ताइपिंगच्या युद्धस्मशानात साडेआठशेंहून अधिक कबरी पाहिल्या होत्या. त्यांतल्या पाचशेंहून अधिक अनामिकांच्या आहेत. येथे उलट, नावे आहेत आणि माणसे नाहीत.

आमचा वाटाड्या भिंतीपाशी उभा राहून बराच वेळ वाचीत होता. कोणाचे नाव शोधतो आहेस, असे मी विचारले. तो म्हणाला, "कुणाचंच नाही, अंकल. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ सयामच्या रेल्वेवर गेले, ते परत आले नाहीत. पण ते शिपाई नव्हते, कुली होते. त्यांचं नाव इथं असायचं कारण नाही. मी प्रत्येक फेरीला येतो आणि नुसता वाचतो."

यावर आम्हा कोणाला काही बोलता आले नाही. काकूंनी आपल्या पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला. आपल्या बायका अशा वेळी जे करतात तेच त्यांनी केले.

मलाया १९५७ साली स्वतंत्र झाला, १९६३ साली मलेशिया झाला, १९६५ साली सिंगापूर वेगळे झाले. रबराची जागा मलेशियात बरीचशी तेलताडाने घेतली. मळ्यांतल्या चाळी मोडल्या आणि मजुरांची नातवंडे शहरांत वकील, डॉक्टर, बसचालक आणि वाटाडे झाली. सगळ्यांचेच चांगले झाले असे नाही. मळा सुटला आणि शहरही मिळाले नाही, असेही पुष्कळ आहेत. तरी या द्वीपकल्पात आज दीपावलीला सरकारी सुट्टी असते. ती सुट्टी रबराच्या झाडाखाली पहाटे उठणाऱ्यांनी मिळवलेली आहे.

इतिहास आपण बहुधा सेनापतींच्या नावाने शिकतो. यामाशिता आला, पर्सिव्हल हरला. सायकलच्या वेगाने तो वाचला, तर निराळी माणसे दिसू लागतात, कारण त्या वेगात रस्त्याकडेचा माणूस डोळ्यांआड होत नाही. त्याच्या घरापुढे वाळत घातलेले रबर दिसते, देवळातली घंटा ऐकू येते, आणि खाली असलेली सडक कोणीतरी हाताने केलेली आहे हे पायडलच्या प्रत्येक फेरीला पायांना कळते. रस्ता ज्याने बांधला त्याच्यासाठी तो क्वचितच असतो. इंग्रजांनी तो स्वतःसाठी केला, जपान्यांनी तो वापरला, आणि शेवटी तो राहिला तो ज्यांची नावे कुठेच नाहीत त्यांच्या नातवंडांकडे. आता त्यावरून पोरे सायकलींवर शाळेत जातात. एवढा एक न्याय मला त्या बारा दिवसांत दिसला, आणि तो लहान नाही.